अभिप्रायाचा खर्च कोणी सोसावा?

घर बांधणे किंवा घराची दुरुस्ती करून घेणे हा व्यवहार इतर खरेदीविक्रीहून एका बाबतीत अगदी निराळा आहे. धान्य घेताना मूठभर दाणे तळहातावर घेऊन पारखता येतात. परंतु कौलांखाली अंथरलेला डांबरी कागद, भिंतीत पुरलेला नळ, पायाच्या कडेने पाण्याचा निचरा व्हावा म्हणून घातलेली नळी, यांची पारख काम चालू असताना मालकाला साधत नाही आणि काम उरकल्यावर तर ती कायमचीच झाकली जातात. दोष उघडकीस येतो तो पुढच्या पावसाळ्यात किंवा पुढच्या हिवाळ्यात, आणि तोपर्यंत कारागिराचा हिशेब चुकता होऊन त्याची आपली ओळखदेखील पुसट झालेली असते. अशा स्थितीत ज्याच्या घराचे छप्पर याच माणसाने तीन वर्षांपूर्वी घातले आणि जे अजून गळत नाही, त्या शेजाऱ्याचे मत हाच घरमालकाच्या हाती येणारा एकमेव भरवशाचा पुरावा ठरतो. हे शेजाऱ्याचे मत एका आळीपुरते न राहता सबंध शहराच्या उपयोगी पडावे, ते नोंदले जावे, जपले जावे आणि मागेल त्याला मिळावे, अशी खटपट अमेरिकेत गेली शंभर वर्षे चालू आहे; आणि तिचा इतिहास वाचताना माझे मन वारंवार एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते, तो असा की, या नोंदी ठेवण्याचा खर्च शेवटी कोणाच्या खिशातून जातो?

पहिले महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकेत घरांचा मोठा तुटवडा पडलेला होता, आणि स्वतःच्या मालकीचे घर हा सुस्थिर नागरिकत्वाचा पाया होय, हा विचार तेथील राज्यकर्ते आणि मासिकांचे संपादक हिरिरीने मांडीत होते. १९२२ मध्ये ‘डेलिनिएटर’ या स्त्रियांच्या मासिकाच्या संपादिका मारी मेलोनी यांनी ‘बेटर होम्स’ नावाची चळवळ आरंभिली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले हर्बर्ट हूवर त्या वेळी व्यापार खात्याचे मंत्री होते, त्यांनी तिला राजाश्रय दिला, आणि गावोगाव नमुन्याची घरे सजवून लोकांपुढे मांडण्यात येऊ लागली. घर कसे घ्यावे, कर्ज किती काढावे, जागा कशी निवडावी, याची माहिती देणारी पुस्तिका हूवर यांच्या खात्याने १९२३ मध्ये प्रसिद्ध केली. तिकडे मिनियापोलिस येथील वास्तुविशारदांनी एकत्र येऊन लहान घरांसाठी सल्ला देणारी एक संस्था काढली होती. ज्याला वास्तुविशारदाचा मेहनताना परवडत नाही त्या मध्यम स्थितीतील कुटुंबाला सहा खोल्यांपर्यंतच्या घराचे पक्के नकाशे आणि सामानाच्या याद्या तिने माफक किमतीत पुरविल्या, आणि एक मासिकही चालविले; ती संस्था १९४२ मध्ये बंद पडली. या सर्व उद्योगांमागील तळमळ खरी होती याविषयी मला शंका नाही. मात्र त्या सर्वांत सल्ल्याचा प्रवाह वरून खाली वाहत होता. तज्ज्ञाने सांगावे आणि गृहस्थाने ऐकावे, असा तो शिरस्ता होता. सल्ल्याप्रमाणे घर बांधून त्यात पाच हिवाळे काढलेल्या माणसाचा अनुभव काय, हे पद्धतशीरपणे विचारून लिहून ठेवण्याची व्यवस्था त्यांपैकी कोणीही उभी केली नाही.

मासिकांच्या जगात याच सुमारास एका निराळ्या प्रकारच्या अभिप्रायाला भरभराट आली होती. ‘गुड हाऊसकीपिंग’ या मासिकाने १९०० साली मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे घरगुती वस्तूंची परीक्षा करण्यासाठी प्रयोगशाळा काढली आणि १९०९ पासून पसंतीस उतरलेल्या वस्तूंवर आपला शिक्का देण्याची प्रथा पाडली. गृहिणींचा त्या शिक्क्यावर गाढ विश्वास बसला. परंतु ज्या कारखानदारांच्या वस्तूंची परीक्षा करावयाची त्यांच्याच जाहिरातींवर मासिकाचे पोट भरत असल्यामुळे परीक्षक आणि पोशिंदा यांचे नाते अवघड होऊन बसले, आणि १९३९ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी मंडळाने हे शिक्के व ही हमी लोकांची दिशाभूल करणारी आहे अशी फिर्याद गुदरून १९४१ मध्ये मासिकाविरुद्ध मनाईहुकूम दिला. पुढील दशकांत निरनिराळ्या वेषांत जे पुनःपुन्हा घडावयाचे होते त्याचा हा पहिला ठळक दाखला आहे.

त्याला उत्तरही त्याच पिढीने शोधले. स्टुअर्ट चेस आणि एफ. जे. श्लिंक या दोघांनी १९२७ मध्ये लिहिलेले ‘युअर मनीज वर्थ’ हे पुस्तक विलक्षण खपले. ग्राहकाला बाजारात डोळे बांधून फिरविले जाते असे त्यांचे सप्रमाण म्हणणे होते. श्लिंक यांनी न्यूयॉर्कजवळच्या व्हाइट प्लेन्स गावात काही परिचितांमध्ये वस्तूंच्या गुणदोषांच्या चक्रमुद्रित याद्या फिरविण्यास प्रारंभ केला होता; पुस्तकानंतर वाचकांच्या पत्रांचा असा लोंढा आला की १९२९ मध्ये ‘कन्झ्युमर्स रिसर्च’ ही रीतसर संस्थाच स्थापावी लागली. तिच्यात १९३५ साली कामगारांचा संप होऊन फूट पडली आणि फुटून निघालेल्यांनी १९३६ मध्ये ‘कन्झ्युमर्स युनियन’ काढली. या दोन्ही संस्थांनी उद्योगधंद्यांच्या जाहिराती कटाक्षाने नाकारल्या आणि सारा खर्च सभासदांच्या वर्गणीतून भागविला. ज्याला मत हवे त्यानेच त्याचे मोल द्यावे, म्हणजे मत देणाऱ्याला दुसऱ्या कोणाची भीड पडत नाही, हे साधे तत्त्व त्यांनी आचरून दाखविले.

तथापि साबण, मोजे किंवा न्याहारीचे धान्य यांची परीक्षा प्रयोगशाळेत होऊ शकते. नळ जोडणाऱ्या माणसाची होऊ शकत नाही. साबणाची वडी न्यूयॉर्कात आणि शिकागोत सारखीच असते; गवंडी मात्र दर गल्लीत निराळा, आणि तोच गवंडी सोमवारी निराळा व शनिवारी निराळा. घरमालकाचा प्रश्न त्यामुळे अनुत्तरितच राहिला, आणि नेमक्या याच काळात घरमालकांची संख्या झपाट्याने वाढली. १९४० मध्ये अमेरिकेतील शेकडा चव्वेचाळीसच्या आसपास कुटुंबे स्वतःच्या घरात राहत होती. १९६० पर्यंत ते प्रमाण बासष्टवर पोहोचले. १९३४ च्या गृहनिर्माण कायद्याने घरदुरुस्तीसाठी सरकारी हमीची कर्जे सुलभ केली होती, आणि युद्धानंतर त्या कर्जांच्या मागोमाग दारोदार हिंडणाऱ्या गोडबोल्या विक्रेत्यांच्या टोळ्या निघाल्या. त्यांची एक युक्ती मुद्दाम सांगण्यासारखी आहे. घराच्या बाह्य भिंतींना पत्र्याचे किंवा अन्य आवरण घालून देतो असे सांगताना ते म्हणावयाचे की, तुमचे घर आम्ही या वस्तीत नमुना म्हणून दाखवू, ते पाहून जो शेजारी काम देईल त्यापोटी तुम्हाला दलाली मिळेल, म्हणजे तुमचे काम जवळजवळ फुकटात पडेल. शेजाऱ्याच्या मताला किती किंमत असते हे ठकांना पुरेपूर ठाऊक होते, आणि त्या मताचीच आगाऊ विक्री करून त्यांनी हजारो कुटुंबांना कर्जात लोटले. १९५४ मध्ये हा घोटाळा बाहेर आला तेव्हा सरकारी गृहकर्ज खात्याच्या आयुक्तांना पद सोडावे लागले.

त्याच काळातील हॉलंड फर्नेस कंपनीचे प्रकरण मला याहूनही उद्वेगजनक वाटते. मिशिगन संस्थानातील हॉलंड या गावची ही कंपनी घर तापविण्याच्या भट्ट्या बनवून आपल्याच शाखांमार्फत थेट विकीत असे. तिचा माणूस दारात येई तो विक्रेता म्हणून नव्हे, तपासनीस म्हणून. भट्टी साफ करतो, तपासून देतो, असे म्हणून तो तळघरात उतरे आणि तिचे भाग सुटे करून जमिनीवर मांडी. मग गंभीर चेहऱ्याने वर येऊन सांगे की, हिला तडा गेला आहे. ही पुन्हा जोडली तर विषारी वायू घरात पसरेल किंवा स्फोट होईल, आणि तो धोका मी माझ्या डोक्यावर घेणार नाही. बाहेर बर्फ पडत असावे, घरात लहान मुले किंवा एकटी म्हातारी बाई असावी आणि भट्टीचे तुकडे तळघरात विखुरलेले असावेत. अशा वेळी नव्या भट्टीच्या करारनाम्यावर सही करण्यावाचून गत्यंतर उरत नसे. काही घरांत तर असे एकदाच न होता पुनःपुन्हा झाले. फेडरल ट्रेड कमिशनने १९५८ मध्ये या प्रकाराला मनाई केली. कंपनीने हुकूम जुमानला नाही. अखेर न्यायालयाच्या अवमानाबद्दल १९६५ मध्ये कंपनीला दंड आणि तिच्या माजी अध्यक्षांना सहा महिन्यांची कैद झाली, आणि १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. या हजारो घरमालकांना परस्परांशी बोलण्याचे काही साधन असते तर काय झाले असते, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. एका शहरात ठकलेल्या बाईची हकीकत दुसऱ्या शहरातील बाईला कळत नव्हती, एवढ्याच बळावर तो धंदा वर्षानुवर्षे चालला; आणि सरकारी दप्तराला जाग येऊन शिक्षा होईपर्यंत कितीतरी हिवाळे उलटून गेले.

ही उणीव भरून काढण्याचा पहिला नेटका प्रयत्न राजधानी वॉशिंग्टनमध्ये झाला. रॉबर्ट क्रुगॉफ यांनी १९७४ मध्ये ‘चेकबुक’ नावाची, नफा न कमावणारी संस्था स्थापली. मोटारी दुरुस्त करणारे, नळ जोडणारे, छपरे घालणारे यांच्याविषयी तिने रहिवाशांकडे प्रश्नपत्रिका पाठविल्या. शेकडो उत्तरांची छाननी करून कोणत्या कारागिराविषयी किती लोकांनी समाधान दर्शविले त्याची कोष्टके छापली. शिवाय आपली माणसे सामान्य गिऱ्हाईक म्हणून पाठवून दर विचारून घेतले. जाहिरात नाही, कारागिराकडून छदाम नाही, वर्गणी हाच आधार. या पद्धतीत वाचकाला चुरचुरीत हकीकती वाचावयास मिळत नाहीत, आकडे मिळतात. पण एका रागावलेल्या किंवा एका भारावलेल्या माणसाच्या पत्रापेक्षा दोनशे सामान्य माणसांची उत्तरे अधिक विश्वसनीय असतात, आणि त्या दृष्टीने ही पद्धत मला आजवरच्या सर्व पद्धतींत श्रेष्ठ वाटते. ती कधी फार पसरली नाही. सात मोठ्या शहरांपलीकडे तिचा विस्तार झाला नाही, कारण प्रत्येक शहराचे सर्वेक्षण स्वतंत्रपणे करावे लागते आणि ते महाग पडते.

दुसरा प्रयत्न इंडियानापोलिसचा, आणि जगभर नाव झाले ते त्याचे. त्या शहरात ‘युनिफाइड नेबर्स’ नावाची एक सेवा होती. सभासदांनी आपापल्या कारागिरांविषयी कळवावे आणि गरज पडेल तेव्हा दुसऱ्यांचे अनुभव विचारावेत, असे तिचे स्वरूप होते. विल्यम ओस्टर्ली या गृहस्थांनी जुने घर दुरुस्त करताना तिचा लाभ घेतला होता. पुढे ओहायोतील कोलंबस शहरात गेल्यावर तशी सोय तेथे नाही असे पाहून, १९९५ मध्ये त्यांनी आपल्या पेढीत उमेदवारी केलेल्या अँजी हिक्स या नुकत्याच पदवीधर झालेल्या तरुणीला हे काम उभारण्यास सांगितले. तिने कोलंबसच्या वस्त्यांतून दारोदार जाऊन वर्गणीदार मिळविले. पहिल्या वर्षात त्यांची संख्या हजारावर गेली. दुसऱ्या वर्षी त्यांनी इंडियानापोलिसची मूळ सेवाच विकत घेतली आणि दोहोंचे मिळून ‘अँजीज लिस्ट’ हे नाव रूढ झाले.

आरंभीच्या काळातील तिचे कामकाज जवळून पाहण्यासारखे आहे. सभासदाने दूरध्वनी करावा, मला तळघराची भिंत पाझरते आहे, कोणाला बोलवावे, असे विचारावे, आणि कचेरीतील बाईने नोंदी चाळून दोनतीन नावे व त्यांच्याविषयीचे अनुभव वाचून दाखवावेत. काम झाल्यावर सभासदाने आपला अनुभव कळवावयाचा असे. पुढे या अभिप्रायाची रीत ठरून गेली. शाळेतील प्रगतिपुस्तकाप्रमाणे त्याला श्रेणी असत. त्या आकारलेला दर, कामाचा दर्जा, बोलावणे केल्यावर दाखविलेली तत्परता, वेळेचा नेम आणि व्यावसायिक वागणूक या पाच बाबींवर स्वतंत्र द्यावयाच्या. निनावी अभिप्राय घेतला जात नसे, आणि ज्याच्याविषयी तक्रार आली त्या कारागिराला आपली कैफियत मांडण्याची मुभा असे. मत देणाऱ्याने आपल्या शब्दांची जबाबदारी घ्यावी आणि ज्याच्यावर मत दिले त्याला उत्तराचा हक्क असावा, ही दोन्ही न्यायाची अंगे त्या नियमांत एकत्र आली होती. मला त्या व्यवस्थेविषयी मनापासून आदर वाटतो.

१९९९ मध्ये ही सेवा इंटरनेटवर आली आणि शहरामागून शहर जोडले जाऊ लागले. पण विस्ताराला भांडवल लागते, आणि सभासदांच्या वर्गणीतून ते उभे राहीना. चांगली श्रेणी मिळालेल्या कारागिरांना जाहिरात करण्याची आणि सवलतीची कुपने देण्याची वाट मोकळी करण्यात आली. त्यांच्याकडून येणारी रक्कम वाढत वाढत सभासदांच्या वर्गणीला मागे टाकून गेली. २०११ मध्ये कंपनीचे समभाग शेअरबाजारात आले. जाहिरातीचे पैसे भरणाऱ्यांना यादीत वरचे स्थान मिळते आणि सभासदांना याची नीट कल्पना दिली जात नाही, असा आरोप करणारे दावे सभासदांनी दाखल केले. त्यांचा निकाल तडजोडीने लागला. २०१६ मध्ये अभिप्राय वाचण्यासाठी वर्गणीची अट काढून टाकण्यात आली. २०१७ मध्ये आयएसी या मोठ्या समूहाने पन्नास कोटी डॉलरांहून अधिक मोल देऊन ती कंपनी घेतली आणि आपल्या ‘होमॲडव्हायजर’ या दुसऱ्या सेवेशी तिची सांगड घातली. २०२१ मध्ये नावातील ‘लिस्ट’ही गळून नुसते ‘अँजी’ उरले. घरमालकाला सर्व काही फुकट मिळू लागले, आणि त्याच बरोबर तो आश्रयदाता राहिला नाही; त्याची गरज हीच विक्रीची वस्तू झाली.

‘होमॲडव्हायजर’चा पाया मुळातच निराळा होता. घरमालकाने आपले काम कळवावे, आणि कंपनीने त्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक त्या धंद्यातील अनेक कारागिरांना प्रत्येकी दाम घेऊन विकावा, अशी ती व्यवस्था होती. चौकशी पाठवून काही मिनिटे झाली नाहीत तोच एकामागून एक अनोळखी माणसांचे दूरध्वनी सुरू होत, हे त्या सेवेविषयीच्या ग्राहकांच्या मतांत वारंवार आढळणारे गाऱ्हाणे होते. दुसऱ्या बाजूने कारागीरही कातावले; विकत घेतलेल्या नावांतील पुष्कळांना काम करवून घ्यावयाचेच नसते, असे ते सांगू लागले. फेडरल ट्रेड कमिशनने मार्च २०२२ मध्ये नेमक्या याच बाबीवर, म्हणजे विकल्या जाणाऱ्या नावांच्या गुणवत्तेविषयी कारागिरांची दिशाभूल केल्याबद्दल फिर्याद केली, आणि जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने ७२ लाख डॉलरांपर्यंत भरपाई देण्याचे कबूल केले. येथे फसवला गेलेला पक्ष कारागिराचा होता ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. एके काळी ज्या दप्तरात घरमालकाने कारागिराला श्रेणी द्यावयाची, त्या दप्तराच्या वारसदारालाच आता दोघेही मिळून श्रेणी देऊ लागले. सल्ला देणाऱ्या सेवांविषयीचे अभिप्राय गोळा करणाऱ्या वेगळ्या सेवा निघाल्या, आणि त्यांच्याही प्रामाणिकपणाविषयी तीच शंका उपस्थित झाली.

कायद्याने या क्षेत्रात उशिरा आणि तुकड्यातुकड्याने पाऊल टाकले. प्रतिकूल मत देणार नाही असे कलम करारनाम्यात घालून ग्राहकाचे तोंड बंद करण्याची चाल अमेरिकन काँग्रेसने डिसेंबर २०१६ च्या कायद्याने निषिद्ध ठरविली. विकत घेतलेल्या आणि बनावट अभिप्रायांवर बंदी घालणारा नियम ट्रेड कमिशनने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केला.

महाराष्ट्राने या प्रश्नाकडे वेगळ्या वाटेने पाहिले आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारपाजारच्या कुटुंबांचे गट करून महिन्याची खरेदी एकत्र करण्याची पद्धत घालून दिली. वस्तू निवडावयाची कार्यकर्त्यांनी, वापरावयाची सभासदांनी, आणि नापसंत ठरली तर बोल लावावयाचा तोही त्याच कार्यकर्त्यांना समोरासमोर. मत देणारा आणि ते ऐकणारा यांच्यात तिऱ्हाईत दलाल राहिलाच नाही. घरांच्या बाबतीत मात्र आपल्याकडे भर पडला तो कायद्यावर. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी येते की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात ग्राहकाच्या बाजूने मिटविला. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यान्वये मे २०१७ पासून महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे महारेराचे, कामकाज सुरू झाले. नोंदणीस पात्र अशा प्रत्येक प्रकल्पाचे कागदपत्र आणि बांधकामाची प्रगती तेथे कोणालाही पाहता येते, आणि प्राधिकरणाचे हुकूमही उघडपणे वाचावयास मिळतात. या दप्तराचा खर्च शासनाने ठरविलेल्या शुल्कातून भागतो, आणि ते शुल्क विकासकाने भरले म्हणून त्याचे नाव कोणत्याही यादीत वर चढत नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत इमारतीच्या बांधणीतील दोष दाखवून दिला तर विकासकाने तो तीस दिवसांत स्वखर्चाने दूर करावा, हे त्या कायद्यातील कलम मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण घरातील दोष उशिरा दिसतो ही घरमालकाची जुनी अडचण त्याने आकड्यात धरली आहे.

हे सर्व नव्या इमारतीपुरते झाले. राहत्या घराचे गळते छप्पर, फुटलेला नळ, उखडलेली फरशी दुरुस्त करून देणाऱ्या माणसाविषयी असे दप्तर आपल्याकडे नाही. भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले. अभिप्राय देणारा खरा आहे याची पडताळणी कशी करावी आणि तो प्रसिद्ध करताना कोणती सचोटी पाळावी हे त्यात तपशिलाने सांगितले आहे, परंतु ते पाळणे न पाळणे कंपन्यांच्या इच्छेवर ठेवले आहे.